ककणेर सुरूच्या बनात का राहत नाही?

ओळख बघू, मी कोण?

माझ्या चोचीवर आणखी एक चोच पालथी घातलीय असं वाटतं. माझ्या पापण्यांना केसांसारखी लांब लांब पिसं आहेत, दिसायला अगदी तुझ्या पापण्यांच्या केसांसारखी! मी पाणी प्यायला नदीवर सहसा जातच नाही. आणि माझी बायको? ती दर उन्हाळ्यात घराचं दार आतून लिंपून टाकते आणि दोन-तीन महिने बाहेरच येत नाही!

नाही ओळखलं? घार? छे! टूकन? तो राहिला तिकडे दक्षिण अमेरिकेत! मोर? अरे, मोराला कुठे एवढी चोच असते?

हा आहे धनेश! आपल्या कोकणात त्याला कुणी ककणेर म्हणतं, तर कुणी चक्क गरुड म्हणतं. ‘द लायन किंग’ सिनेमात राजाच्या मागेमागे उडत सल्ले देणारा झाझू आठवतो? तो आफ्रिकेतला धनेशच! म्हणजे झाझूचे चुलतभाऊ आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात राहतात. आहेस कुठे!

चल, त्यांना शोधायला जाऊ. सुरुवात करू या भाट्ये किनाऱ्यापासून.

भाट्ये तुला ठाऊक नसेल तर ऐक. रत्नागिरी शहरातून पावस गावाच्या रस्त्याला लागलं की एक लांबच लांब पूल येतो. पुलाखाली काजळी नदी आणि समोर समुद्र. दोघांची भेट इथंच होते! पूल ओलांडला की उजव्या हाताला वाळूचा सरळ लांब किनारा लागतो. वाळूच्या कडेनं सुरूचं दाट बन आहे. वारा सुटला की ते बन नुसतं सूं सूं करत असतं. पलीकडे माडच माड! माडांवर अभ्यास करणारं नारळ संशोधन केंद्रसुद्धा भाट्ये गावातच आहे, 1955 पासून.

इतकी झाडं! इतकी सावली! मग ककणेरानं इथंच घर केलं असेल, हो ना?

चूक!

सुरूच्या बनात ककणेर घरटं करत नाही. आता आली ना पंचाईत? झाडं आहेत, वारा आहे, उंची आहे. मग अडलं कुठे? त्याला समुद्राची भीती वाटते का? मुळीच नाही. खारं वारं सोसत नाही का? तसंही नाही.

एक काम कर. सुरूखाली पडलेलं एक फळ उचल. अनवाणी चालताना तळपायाला टोचतं ना, तेच! बोटाच्या पेरापेक्षाही लहान. खरखरीत, लाकडासारखं टणक. नीट जवळ धरून बघ. त्यावर रांगेनं इवल्या इवल्या चोची उघडलेल्या दिसतील. त्या प्रत्येक चोचीत एक बारीकसं बी असतं आणि त्या बीला कागदासारखा पातळ पंख असतो. वारा आला की बी भुर्रकन उडून जातं. मोठं सुंदर काम आहे ते! पण यात खायला काय आहे? गर? नाही. रस? नाही. साल? ती तर लाकडाची!

बरं, मग नारळ? त्यात तर खोबरंही आहे आणि पाणीही आहे! खरंय. पण आधी तो सोलायला हवा, मग फोडायला हवा. तुझ्या घरी त्यासाठी कोयता काढावा लागतो. ककणेराची चोच दिसते भल्या मोठ्या कोयत्यासारखी, पण ती कोयत्याचं काम करत नाही. ती करते सांडशीचं काम!

आई गरम भांडं सांडशीनं कसं अलगद उचलते? ककणेर तसंच चोचीच्या टोकानं फळ अलगद तोडतो. मग पुढे काय करतो ठाऊक आहे? फळ हवेत उडवतो आणि तोंडाचा ‘आ’ करून थेट घशात झेलतो! कारण त्याची जीभ आहे आखूड. एवढ्या लांब चोचीच्या टोकापासून घशापर्यंत फळ ढकलायला ती पुरतच नाही. म्हणून प्रत्येक घासाला एक झेल! आणि गंमत म्हणजे झेल सुटतो क्वचितच. पक्ष्यांमध्ये स्वतःच्या चोचीचं टोक दोन्ही डोळ्यांनी नीट पाहता येणारे थोडेच. त्यांतला हा एक.

आणि एवढी मोठी चोच घेऊन मान दुखत नाही का त्याची? नाही! एक तर चोचीवरचं ते शिंग, म्हणजे शिरस्त्राण, आतून बरंचसं पोकळ असतं. दिसायला भारी, वजनाला हलकं. शिवाय त्याच्या मानेतले वरचे दोन मणके एकमेकांना पक्के जोडलेले असतात. बाकीच्या पक्ष्यांत ते सुटे असतात. म्हणजे निसर्गानं त्याच्या मानेला जादा टेकूच दिलाय म्हण!

तर आता कळलं? ककणेराला हवीत मऊ, गराची, घशात मावणारी फळं. वडाची लाल लाल फळं. पिंपळाची. उंबरं! तुझ्या शाळेच्या वाटेवर उंबराच्या झाडाखाली चिकचिकाट होतो ना, तो त्याच्यासाठी पंगतीचा थाट आहे.

वड, पिंपळ, उंबर ही एकाच घराण्यातली झाडं. आणि या घराण्याची एक खासियत आहे. सगळी झाडं एकाच वेळी फळत नाहीत! आंब्याचं कसं, मोसम आला की सगळीकडे आंबेच आंबे आणि पावसाळा लागला की चिडीचूप. वडाचं तसं नाही. एक वड आज लगडलेला, तर पलीकडच्या वाडीतला दोन महिन्यांनी. म्हणून रान शाबूत असेल तर कुठे ना कुठे जेवण तयार असतंच. फळांत रसही भरपूर. मग पाणी प्यायला वेगळं जायचंच कशाला?

आता एक भन्नाट गोष्ट सांगू? कोकणात काजऱ्याचं झाड असतं. त्याला नारिंगी, गोल गोल, चेंडूसारखी देखणी फळं येतात. पण त्यांना हातही लावायचा नाही, हे आजीनं तुला बजावलं असेल. बरोबरच आहे तिचं! काजऱ्याच्या बिया जहाल विषारी असतात. आणि ककणेर ती फळं मजेत खातो! कसं काय? तो गर तेवढा खातो आणि बिया न फोडता, न चावता जशाच्या तशा टाकून देतो. विष बीमध्ये कुलूपबंद राहतं! पण तू मात्र असला प्रयोग करायचा नाही हं. तू ककणेर नाहीस.

जेवणाचं झालं. आता घराचं बघू. खरी कमाल तर पुढेच आहे!

ककणेर काड्या गोळा करून घरटं बांधत नाही. त्याला लागते ढोली. म्हणजे झाडाच्या खोडातलं पोकळ भोक. आणि ते लहानसहान नव्हे! आत अख्खी आई बसली पाहिजे, तिची पिल्लं मावली पाहिजेत, वर थोडी हवाही खेळली पाहिजे.

मग तो ढोली कोरतो का? इथंच तर गोची आहे. सुतार पक्ष्याला भोक पाडता येतं. चिमुकल्या तांबटालाही येतं. पण एवढ्या मोठ्या चोचीच्या ककणेराला मात्र स्वतःची ढोली कोरता येत नाही! त्याला आयती लागते. एखादी जाड फांदी वादळात मोडते. त्या जखमेत पाणी मुरतं. बुरशी लागते, लाकूड कुजतं, किडे पोखरतात. कधी सुतार पक्षी तिथं टोचा मारून जातो. असं होत होत, वर्षानुवर्षांनी, एक मोठी ढोली तयार होते. म्हणजे झाड केवढं जुनं हवं! तुझ्या आजोबांच्या लहानपणी जे म्हातारं होतं, तसं झाड.

सुरूच्या सडपातळ खोडात कुठली आलीय अशी ढोली? वाळू धरून ठेवायला सुरू पटकन वाढतो, म्हणून तो लावला. तो मूळचा आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचा पाहुणा. त्याचं वाळूचं काम तो चोख करतो. पण ककणेरासाठी त्याच्याकडे ना जेवण, ना खोली!

म्हणून मी तर म्हणेन, पक्षी ओळखायचा असेल तर आधी झाड ओळखायला शीक. पुस्तकात पक्ष्याचं चित्र मोठं असतं आणि झाड कोपऱ्यात कुठेतरी. मला ते उलटं हवं असं वाटतं!

बरं, आता ढोलीत डोकावू. नुसतं मनानं हं!

उन्हाळा लागतो. होळीच्या आगेमागे नर-मादी जोडीनं ढोली बघत फिरतात. पसंत पडली की मादी आत शिरते आणि सुरू होतं लिंपणकाम. ढोलीचं तोंड ती बंद करायला घेते. कशानं? फळांचा गर, लाकडाचा भुगा, कधी माती, आणि… सांगू? नाक धर आधी. स्वतःची शी! हे सगळं मिसळून ती चोचीच्या सपाट बाजूनं थाप थाप थापते. गवंडी थापीनं गिलावा करतो तशी! वाळल्यावर ते असं घट्ट होतं की फोडता फुटत नाही.

शेवटी उरते एक उभी फट. चोचीचं टोक बाहेर येईल एवढीच. बस्स! बाई आत, जग बाहेर!

घाबरलीय का ती? हो, पण शहाणपणानं. रानात साप आहेत, घोरपडी आहेत, माकडं आहेत. अंडी आणि पिल्लं कुणाला नको असतात? मग दारच नसलं तर चोर शिरेल कुठून?

आत ती दोन-तीन पांढरी अंडी घालते. आणि मग आणखी एक आश्चर्य घडतं. आत बसल्या बसल्या तिची उडायची पिसं गळून पडतात! जुना युनिफॉर्म टाकून नवा घ्यावा तशी हळूहळू नवी पिसं येतात. पण मधल्या काळात तिला धड उडताच येत नाही. बाहेर पडली असती तर पंचाईतच होती. कोंडून घ्यायची वेळ आणि पिसं बदलायची वेळ तिनं कशी छान जुळवून घेतलीय बघ!

मग तिला जेवू कोण घालतं?

बाबा!

नर दिवसभर फेऱ्या मारतो. ढोलीशी येऊन खोडाला पकडून बसतो आणि घशातून एकेक फळ वर काढून फटीतून आत देतो. एक उंबर, आणखी एक, आणखी एक… जादूगार टोपीतून चेंडू काढतो ना, तसंच! घशात एका वेळी कितीतरी फळं साठवून आणलेली असतात. अंडी फुटून पिल्लं बाहेर आली की त्यांचं नुसत्या फळांवर भागत नाही. मग तो सरडे, पाली, किडे, अगदी दुसऱ्या पक्ष्यांची पिल्लंसुद्धा पकडून आणतो. आत भूक वाढत जाते, बाहेर बाबांची धावपळ वाढत जाते. एकट्या पक्ष्यानं अख्ख्या घराचा डबा पुरवायचा, तोही महिनोन् महिने!

तुझ्या मनात एक प्रश्न आला असणार. मला माहीत आहे कोणता! एवढ्याशा बंद खोलीत शी-शू कुठे करायची?

ऐक! आई फटीकडे पाठ करते, नेम धरते आणि… सुर्रर्र! पिचकारी थेट बाहेर! आणि पिल्लं? तीही मोठी होता होता तसंच करायला लागतात. उलटं फिरायचं, नेम धरायचा, सुर्रर्र! त्यामुळे आतली खोली बरीच स्वच्छ राहते. म्हणून तर ढोलीच्या झाडाखाली शिंतोडे आणि बियांचा खच पडतो. पाऊस पडला की त्या बिया उगवतात. झाडाखाली एक छोटी रोपवाटिकाच तयार होते! पक्ष्यांचा अभ्यास करणारी माणसं काय करतात माहीत आहे? आधी वर बघतच नाहीत. आधी खाली जमिनीवर बघतात. एकाच जागी भलभलत्या झाडांच्या बिया आणि रोपं दिसली की मग हळूच मान वर!

ककणेराचा मोठा भाऊ आहे महाधनेश. त्याच्या घरी तर याहून मजा असते. पिल्लू जरा मोठं झालं की आई भिंत फोडून बाहेर येते, बाबांना मदत करायला. आणि आत राहिलेलं पिल्लू काय करतं? ते फुटलेली भिंत आतून पुन्हा लिंपून घेतं! अजून जग पाहिलेलं नाही, पंख धड फुटलेले नाहीत, कुणी शिकवलेलं नाही, आणि गवंडीकाम येतंय! मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी खोटीच वाटते. पण ती खरी आहे.

तर आता निघू या का? भाट्ये पुलावरून काजळीच्या उलट्या दिशेनं, वर वर!

काजळी सह्याद्रीत उगम पावते. साखरप्याकडून येते, आंजणारीच्या पुलाखालून जाते आणि खाली भाट्ये खाडीत समुद्राला भेटते. आपण उलटं चाललोय. खाडीजवळ आकाशात एखादा मोठा पांढऱ्या पोटाचा पक्षी घिरट्या घालताना दिसेल. गरुडच! पण तो समुद्री गरुड, मासे खाणारा. आपला पाहुणा नव्हे. त्याची चोच आकड्यासारखी वाकडी आणि आखूड असते. गावात दोघांनाही गरुड म्हणतात, म्हणून फसू नकोस. चोच बघ, लगेच कळेल.

आणखी वर गेलं की वाड्या लागतात. आंबा, फणस, काजू. मध्येच एखादं गच्च हिरवं बेट. ती देवरहाटी! गावच्या देवाचं रान. तिथली काडीसुद्धा तोडायची नाही, असा गावाचा जुना नेम. म्हणून तिथं प्रचंड वड उभे असतात, बेहडे, सातवीण, जुने जुने आंबे उभे असतात. आणि म्हणून तिथं ढोल्याही असतात!

आता कान टवकार. कोंबडी अंडं घातल्यावर ओरडून सगळं घर डोक्यावर घेते ना? तसाच कलकलाट, पण कितीतरी मोठा, उंच झाडावरून आला, तर समज, ककणेर आले! आपला ककणेर म्हणजे मलबारी कवड्या धनेश. लांबी साधारण 65 सेंटिमीटर. म्हणजे तुझ्या कंपासमधल्या छोट्या पट्ट्या नव्हेत, 30 सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या एकापुढे एक ठेव आणि वर थोडंसं बोट. अंग काळं, पोट पांढरं. चोच पिवळट आणि वरच्या शिरस्त्राणावर मोठा काळा डाग, शाई सांडल्यासारखा! शेपटीची मधली पिसं काळी, कडेची पांढरी. नर की मादी हेही सांगता येतं बरं का. मादीच्या डोळ्याभोवती पांढरट-गुलाबी कातडी असते, नराच्या डोळ्याभोवती निळसर-काळी. उडतो कसा? फड फड फड… आणि मग पंख पसरून तरंगत जातो. पुन्हा फड फड फड… आणि पुन्हा तरंगतो. एकामागून एक, रांगेनं.

याला फार किर्र रान नको असतं. नदीकाठ, मोठी झाडं, मध्ये मध्ये मोकळीक. खालच्या कोकणात हे सगळं त्याला मिळतं. म्हणून तो तुझ्या गावाच्या आसपास दिसायची आशा सगळ्यात जास्त!

आता घाटाकडे चढू. झाडं उंच होतात, सावली गार होते. आणि अचानक… फुस्स! फुस्स! फुस्स! कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ फुसफुसते ना? तसला आवाज आकाशातून! इंजिन? विमान? नाही! महाधनेश उडतोय! बहुतेक पक्ष्यांच्या पंखांखाली बारीक पिसांचं अस्तर असतं, उडायच्या मोठ्या पिसांची मुळं झाकणारं. धनेशांचं हे अस्तर अपुरं असतं. त्यामुळे पिसांच्या फटींतून हवा जोरात घुसते आणि असा आवाज होतो. पक्षी दिसायच्या आधी आवाज येतो!

महाधनेश म्हणजे धिप्पाडच. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत मीटरपट्टी भरते, पंख पसरले तर साधारण दीड मीटर. काळा चेहरा, पिवळसर मान, पांढऱ्या शेपटीवर आडवा काळा पट्टा. आणि तो पिवळा रंग कुठून येतो सांग? तो स्वतः लावतो! त्याच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक गाठ असते. तिच्यातलं पिवळं तेल चोचीनं काढून तो पिसांना चोळतो. शाळेत जाताना केसांना तेल लावायला तू कटकट करत असशील. हा बघ, न सांगता लावतो! हा केरळचा राज्यपक्षी आहे.

घाटातच एक छोटा गडी आहे, मलबारी राखी धनेश. त्याच्या चोचीवर शिंगच नाही! जगात फक्त आपल्या पश्चिम घाटात राहतो, दुसरीकडे कुठेही नाही. तो ओरडला की कुणीतरी वेड्यासारखं खदाखदा हसतंय असं वाटतं. रानात एकटं असताना ऐकलं तर दचकायलाच होईल!

चौथा भारतीय राखी धनेश. याला कोरडं, मोकळं रान चालतं. मुंबई-नागपूरच्या जुन्या वडा-पिंपळांवरही तो राहतो. चोचीवर छोटंसं टोकदार शिंग, अंग राखेच्या रंगाचं. भारतात धनेशांच्या नऊ जाती आहेत. त्यांतल्या चार महाराष्ट्रात!

मुंबईचं नाव निघालंच आहे तर विल्यमची गोष्ट ऐकायलाच हवी. हा महाधनेश 1894 साली कारवारहून पिल्लू असताना मुंबईला आला आणि 1920 पर्यंत राहिला. कुठे? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या ऑफिसात, तिथल्या एका साहेबांच्या खुर्चीमागे! निसर्गाचा अभ्यास करणारी ही संस्था 1883 पासूनची. विल्यम फळं खायचा, उंदीर खायचा, विंचूसुद्धा खायचा! पाणी मात्र पीत नसे. एकदा त्यानं पेटती सिगार गिळली आणि त्याला काहीसुद्धा झालं नाही, असं सांगतात. आजही त्या संस्थेच्या बोधचिन्हावर महाधनेशच आहे. विल्यम सगळ्यांचा लाडका होता, हे खरं. पण सव्वीस वर्षं पिंजऱ्यात! ढोली नाही, जोडीदार नाही. मला ती गोष्ट वाचताना हसूही येतं आणि चुकचुकल्यासारखंही होतं.

आता पुन्हा आपल्या रत्नागिरीत येऊ. एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते. तुला सांगून ठेवते.

‘जंगल’ म्हटलं की आपल्याला वाटतं, ते सरकारचं असणार. पाटी असेल, फाटक असेल, तिकीट असेल. पण रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं आहे. बहुतेक सगळं रान लोकांच्या मालकीचं! कुणाच्या आजोबांचं, कुणाच्या काकांचं, कुणाच्या मामाचं. म्हणजे ककणेराचं घर सरकारी पाटीमागे नसतं. ते तुझ्या मामाच्या परड्यात, गडग्यापलीकडच्या पोकळ आंब्यात असू शकतं!

आणि पोकळ झाडाला सगळेच नावं ठेवतात. "काय उपयोग त्याचा? आंबे येत नाहीत. फळीसुद्धा निघणार नाही. पाडून टाका, जळण तरी होईल!" करवतीनं तासाभरात झाड आडवं होतं. तशी ढोली पुन्हा व्हायला किती वर्षं लागतील? तूच हिशेब कर! बरं, ककणेराची जोडी दरवर्षी बहुधा त्याच ढोलीकडे परत येते. उन्हाळ्यात आली आणि झाडच नाही!

म्हणून मे महिन्यात गावी गेल्यावर मोठ्या माणसांना विचार, "आपल्याकडे ढोलीचं झाड कुठे आहे?" बघ, ओटीवर बसलेल्या आजोबांना लगेच सांगता येईल. मग एक वही कर. पहिल्या रकान्यात पक्ष्याचं नाव लिहू नकोस. झाडाचं लिही! वड, उंबर, बेहडा, काजरा, जे असेल ते. मग त्यावर फळं आहेत का? ढोली आहे का? खाली बियांचा खच आहे का? मग पक्षी. शेपटी कशी होती, चोचीवर शिंग होतं का, काळा डाग होता का, आवाज कसा होता. चार ओळी लिहिल्यास की जात कोणती हे तुझं तुलाच सांगता येईल. फोटो नसला तरी चालेल!

आणि कुणी पोकळ आंबा पाडायला निघालं, तर ही शी-शूची, पिचकारीची, भिंत लिंपणाऱ्या पिल्लाची गोष्ट त्यांना सांग. मोठी माणसंही गोष्टी ऐकतात हं. फक्त रंगवून सांगायला हवी!

एक मात्र पक्कं लक्षात ठेव. ढोलीत मादी बसलेली असेल तर त्या झाडाजवळ जायचं नाही. दगड मारायचा नाही, ओरडायचं नाही, फोटोसाठी खाली तळ ठोकायचा नाही. खूप लांबून, झुडपाआडून, दुर्बिणीनं बघ आणि लवकर निघ. कारण झाडाखाली माणूस दिसला की नर जवळ येत नाही. दूरच्या फांदीवर फळं घशात धरून बसून राहतो. तो जितका वेळ तिथं बसला, तितका वेळ आतली आई आणि पिल्लं उपाशी.